चिठ्ठीतलं वचन आणि पिवळं पडलेलं सोयाबीन

सलाम भाऊ,

तुमचा प्रश्न मोठा आहे. बाकीच्यांनाही कळावं म्हणून आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही दारव्ह्याकडच्या एका खेड्यात शेती करता. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत नव्या वर्षासाठी डब्यातून बायबलमधल्या वचनाची चिठ्ठी काढतात, त्यात तुम्हाला यिर्मया २९:११ ची चिठ्ठी निघाली. देवाचे तुमच्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, असं ते वचन. त्या जोरावर तुम्ही वर्षभरात अख्खं बायबल वाचायचा नेम धरला आणि फेब्रुवारीत लेवीयाच्या, म्हणजे अर्पणांच्या आणि नियमांच्या, पुस्तकात गाडी रुतली. पुढे ऑगस्टमध्ये सोयाबीन पिवळं पडलं, लावलेला पैसाही निघाला नाही. आता तुम्ही विचारता की रविवारी उपासनेला जातो, गाणी म्हणतो, प्रार्थना करतो, एवढं पुरेसं नाही का? विश्वासणाऱ्याच्या जीवनात शास्त्राचा नेमका उपयोग काय? आणि जाता जाता एक ओळ टाकली आहे की आईला अक्षर येत नाही, तरी तिचा विश्वास तुमच्यापेक्षा पक्का आहे.

मी यवतमाळ आणि वाशीम जिल्ह्यांतल्या लहान मंडळ्यांत तीसेक वर्षं पाळक होतो. वीस-पंचवीस घरांच्या मंडळ्या, त्यातली निम्मी माणसं मजुरीवर. तेव्हा जे सांगतो ते तिथल्या अनुभवातून. मी काही मोठा पंडित नाही.

मला वाटतं तुमचा खरा प्रश्न वाचनाचा नाहीच. तुम्हाला वाटतंय की देवाने शब्द दिला आणि पाळला नाही. ज्याने शब्द पाळला नाही त्याचं पत्र रोज सकाळी उघडून कोण वाचेल? म्हणून पुस्तक हातात घ्यावंसं वाटत नाही, आणि त्याला तुम्ही आळस म्हणता. हा आळस नाही, हा रुसवा आहे. रुसवा बरा, तो आपल्या माणसावरच धरतात.

काही गोष्टी मला इथून दिसत नाहीत. कर्ज किती, घरात कोण काय बोलतं, रात्री झोप लागते की नाही. झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर शास्त्र आणि अध्याय तूर्त बाजूला ठेवा. आजच घरच्यांना सांगा, डॉक्टरकडे जा, पाळकाला घरी बोलवा. तिथे वाचनाची योजना कामाची नाही. तसं नसेल तर पुढचं वाचा.

आता चिठ्ठीबद्दल. त्या चिठ्ठ्या कुठून येतात हे मला चांगलं माहीत आहे, कारण कितीतरी वर्षं त्या मीच लिहिल्या. नाताळाचं कौतुक ओसरलं की २८-२९ तारखेला मी आणि बायको कार्डशीट कापायला बसायचो. शंभर-सव्वाशे वचनं, रंगीत पेन, आणि सगळं एका स्टीलच्या डब्यात. कोणती वचनं घ्यायची? अर्थात गोड गोड. आशीर्वादाची, संरक्षणाची, तुला सोडणार नाही अशी. एका वर्षी मला जरा खुमखुमी आली आणि मी 'आपला वधस्तंभ उचलून माझ्यामागे यावे' या अर्थाच्या दोन चिठ्ठ्या टाकल्या. त्यातली एक एका बाईच्या लहान मुलाला निघाली. तिने ती डब्यात परत टाकली, डबा खळखळ हलवला आणि त्याला म्हणाली, "दुसरी काढ बापा." सगळे हसले, मीही हसलो. पण घरी आल्यावर लक्षात आलं, की त्या बाईने जे उघडपणे केलं तेच मी दरवर्षी गुपचूप करत होतो. नको ती वचनं मी डब्यात पडूच देत नव्हतो.

चिठ्ठी काढणं वाईट आहे असं मी म्हणत नाही. कितीतरी घरांत ती वर्षभर आरशाच्या कडेला खोचलेली असते आणि माणसाला धीर देते. पण चिठ्ठी म्हणजे पत्रातली फाडलेली एक ओळ. पत्र कोणी लिहिलं, कोणाला, कशासाठी, हे त्या तुकड्यावर नसतं.

तुमचीच ओळ घ्या. यिर्मयाचा २९ वा अध्याय हे खरोखरच एक पत्र आहे. इ.स.पू. ५९७ च्या सुमारास बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, राजाने यरुशलेमेतली माणसं धरून नेली. घर गेलं, वावर गेलं, मंदिर लांब राहिलं. त्यांना यिर्मयाने यरुशलेमेहून हे पत्र धाडलं. पत्रात काय आहे? घरं बांधा, मळे लावा, पोरापोरींची लग्नं करा, ज्या परक्या शहरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. म्हणजे लवकर सुटका नाही. तुमच्या ओळीच्या अगदी वरच्या ओळीत, दहाव्या वचनात, मुदत लिहिली आहे: सत्तर वर्षं! ज्यांनी ते पत्र ऐकलं त्यांतल्या बहुतेकांनी घर परत पाहिलंच नसणार. हिताचे संकल्प त्यांच्यासाठी होते, पण येत्या खरिपापुरते नव्हते.

आणि एक पान मागे जा. २८ व्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा आहे. यिर्मयाच्या मानेवर जू होतं, लोकांना दिसावं म्हणून त्याने ते घातलं होतं. हनन्याने ते मोडलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं की दोन वर्षांत सगळं परत येणार. लोकांना कोण आवडलं असेल? मला विचाराल तर आपण डब्यात हात घालतो तेव्हा वचन यिर्मयाचं काढतो, पण त्याचा अर्थ हनन्याचा लावतो. तुमचं वचन खोटं ठरलं नाही भाऊ. तुम्हाला ते अर्धं दिलं गेलं, आणि देणारे आम्ही पाळक होतो. यात तुमच्यापेक्षा आमची चूक जास्त आहे.

अर्धं वचन देण्याची माझी याहून मोठी चूक सांगतो. एका घरी तरणा मुलगा साप चावून गेला. रात्री पाणी द्यायला गेला होता. मी पोचलो तेव्हा ओसरीत माणसं बसलेली, आई भिंतीला टेकून. मी पिशवीतून बायबल काढलं आणि रोमकरांस पत्रातलं ८:२८ वाचलं, की देवावर प्रीती करणाऱ्यांसाठी सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात. वचन खरं आहे, आजही मानतो. पण त्या ओसरीत ते चापटीसारखं वाजलं. आईने माझ्याकडे नुसतं पाहिलं. बाहेर आल्यावर मंडळीतले एक म्हातारे वडील मला म्हणाले, "पास्टर, ईयोबाचे दोस्त सात दिवस चूप बसले होते. तोवर बरे होते ते." ईयोब म्हणजे बायबलातला सर्वस्व गमावलेला माणूस. त्याच्या पुस्तकात दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी ते आहेच, सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्यासोबत जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. पुढे पानंच्या पानं बोलले आणि शेवटी देवाने त्यांनाच बोल लावला. त्या म्हाताऱ्याने पुस्तक नीट वाचलं होतं. मी त्यातलं वचन तेवढं पाठ केलं होतं. शास्त्र जवळ असणं आणि शास्त्राने घडवलेला माणूस असणं यातला फरक मला त्या दिवशी कळला, आणि तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला तिथेच दिसतं. सैतानालाही वचनं येतात. रानात त्याने येशूला स्तोत्र ९१ मधलंच ऐकवलं, देवदूत तुला झेलतील म्हणून. येशूने तिन्ही वेळा जे उत्तर दिलं ते 'अनुवाद' नावाच्या, बायबलातल्या पाचव्या पुस्तकातून. म्हणजे आपण कंटाळून उलटतो त्या पानांतून.

आता लेवीय. तुम्ही अडकलात ते साहजिक आहे, हिशोबच तसा आहे. आपल्या ६६ पुस्तकांत ११८९ अध्याय. वर्षात संपवायचे तर रोज तीन-चार. उत्पत्तीचे ५०, निर्गमाचे ४०, म्हणजे जानेवारी सरता सरता माणूस लेवीयाच्या दारात उभा. तिथे होमार्पणं, चरबी, गुर्दे, चट्टे. इकडे हरभऱ्याला पाणी आणि पऱ्हाटीची शेवटची वेचणी. दहापैकी आठ जण तिथेच बसतात, हा माझा अंदाज आहे, मोजदाद नाही.

पण त्याच पुस्तकाच्या १९ व्या अध्यायाची एक हकिकत सांगतो. आमच्या मंडळीत एक मध्यम शेतकरी होते, बारा एकर, दोन भाऊ. त्यांच्या घरी बुधवारी प्रार्थना असायची आणि आम्ही लेवीय क्रमाने वाचत होतो, कारण मी हट्टाने सुरू केलं होतं. त्या बुधवारी १९ वा अध्याय आला. पीक कापताना कडेकोपरे साफ कापू नका, सरवा वेचू नका, तो गरिबाला आणि परक्याला राहू द्या. मजुराची मजुरी रात्रभर आपल्यापाशी ठेवू नका. माप खोटं नको, ताजवा खरा, वजनं खरी. वाचून झालं, गाणं झालं, चहा झाला, घरी गेलो.

सकाळी सात वाजता ते माझ्या दारात. "पास्टर, रातभर झोप नाई आली मले." काय झालं? "आपण बायांचा कापूस मोजतो नं संध्याकाळी. मी तं दर गाठोड्यामागं अर्धा किलो कापतो. फडक्याचं वजन, ओल, म्हणून. माझा बापही कापे. पण फडकं काय अर्धा किलोचं असते का?"

मी काहीच बोललो नाही. बोलायला काही उरलंच नव्हतं. त्या संध्याकाळी मी मुद्दाम त्यांच्या वावरात गेलो. बाभळीच्या फांदीला काटा टांगलेला, बाया रांगेत. एकेकीचं गाठोडं लावलं, आकडा वाचला, वहीत लिहिला. त्यांनी आधी एक रिकामं फडकं लावून पाहिलं, तेवढंच कापलं. तिसऱ्या-चौथ्या बाईने वहीत डोकावून विचारलं, "आज काटा बिघडला का जी?"

बारा एकरांच्या हंगामाला तो अर्धा-अर्धा किलो मिळून किती पैसा होतो तुम्हीच काढा, तुम्ही शेतकरी आहात. त्यांच्या भावाने घरात भांडण केलं ते वेगळंच. मजुरीबद्दलही त्यांनी मला विचारलं. आपल्याकडे हिशोब बाजाराच्या दिवशी होतो, मग हे पाप का? मी म्हटलं, ते ठरावावर आहे. दोघांना सोयीचं म्हणून आठवड्याने देत असाल तर देवाचा त्यात काय आक्षेप असेल मला माहीत नाही. पण अनुवादात याच आज्ञेचं कारण दिलं आहे, की तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या मजुरीत लागलेला असतो. तेव्हा बाई मंगळवारी मागायला आली आणि तुम्ही शनिवारचं नाव सांगितलं, तर ते कारण आठवा. हे असंच सगळीकडे लागू होईल असं नाही. कारण समजलं की आज्ञा आपल्या गावात कशी चालवायची ते हळूहळू सुचतं.

ही ओळ कोणत्याही चिठ्ठीवर नसते. 'तुझ्या काट्यात अर्धा किलोची खोट आहे' असं वचन मी कधी डब्यात टाकलं नाही आणि टाकलं असतं तर त्यांनी परत टाकून दुसरं काढलं असतं. ते त्यांच्यापर्यंत पोचलं ते फक्त क्रमाने वाचल्यामुळे, नको असलेलं पानही न गाळल्यामुळे. आणि गंमत पाहा, 'आपल्यासारखीच आपल्या शेजाऱ्यावर प्रीती कर' हे आपण येशूचं म्हणून भिंतीवर लावतो, ते याच अध्यायातलं अठरावं वचन आहे. ताजव्याच्या आणि मजुरीच्या मधोमध.

म्हणून गाणी आणि प्रार्थना पुरेशी नाही का, याला माझं उत्तर असं. प्रार्थनेत आपण बोलतो. गाण्यात आपल्याला आवडलेलं आपण म्हणतो. दोन्ही हवंच. पण आपल्याला न आवडणारं, न सुचणारं, आपल्या सोयीविरुद्धचं कोण सांगणार? पाळक सांगेल म्हणाल, तर पाळकाला पगार तुम्हीच देता. मी तीस वर्षांत किती वेळा तोंड आवरलं ते मला ठाऊक आहे. पुस्तकाला कोणाची भीड नसते. बिरुया गावच्या लोकांचं 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या १७ व्या अध्यायात कौतुक आहे ते यासाठी, की पौलासारखा माणूस सांगतोय तरी ते रोज शास्त्रात शोधून पाहत होते, तो म्हणतो ते खरं आहे का.

शास्त्राचा दुसरा उपयोग तुमच्या सोयाबीनशी आहे. माणूस देवावर चिडला की गप्प बसतो, कारण देवाशी असं बोलायचं नसतं असं त्याला शिकवलेलं असतं. हबक्कूक संदेष्ट्याचं पुस्तक उघडा, तीनच अध्याय आहेत. सुरुवातच तक्रारीने आहे, मी किती वेळ ओरडू आणि तू ऐकणार नाहीस? आणि शेवटाला अंजीर फुलत नाही, वेलीला द्राक्षं नाहीत, जैतुनाचं पीक बुडालं, शेतात धान्य नाही, वाड्यात मेंढरं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत, असा एका शेतकऱ्याने करावा तसा पंचनामा आहे. मग 'तरी' येतं. तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. आम्ही पाळक तो 'तरी' पहिल्या दिवशी सांगायला धावतो. हबक्कूकाला तिथे पोचायला तीन अध्याय लागले. तुम्ही सध्या पहिल्यातच असाल तर तिथेच थांबून वाचा. घाई नाही. तक्रार करायला शब्द मिळणं हीसुद्धा शास्त्राची मोठी देणगी आहे. १५० स्तोत्रांत रडगाण्यांची संख्या लहान नाही.

आता तुमच्या आईचं. ही ओळ तुम्ही शास्त्राची गरज नाही हे दाखवायला लिहिलीत. पण तिला विचारा की तिला काय काय पाठ आहे. आमच्या एका मंडळीत एक आजी होत्या, अंगठा लावणाऱ्या. रोज संध्याकाळी नातवाकडून एक स्तोत्र वाचून घ्यायच्या. एकदा मी तिथे बसलो होतो. पोराला क्रिकेटला जायचं होतं, त्याने २३ वं स्तोत्र घेतलं, सहाच वचनं म्हणून, आणि त्यातलंही चौथं गाळून भरकन संपवलं. आजी सुपातून डोकं वर न काढता म्हणाल्या, "अन् मधातलं कुठं गेलं? 'तू माझ्याजवळ आहेस' ते खाल्लं का?" पोराने परत वाचलं.

ती बाई वाचत नव्हती, पण शास्त्र तिच्यात होतं. पहिल्या शतकातल्या बहुतेक विश्वासणाऱ्यांनी पुस्तक हातात धरलंच नव्हतं. एक जण मोठ्याने वाचायचा, बाकीचे ऐकायचे. प्रकटीकरणाच्या पहिल्याच अध्यायात वाचून दाखवणारा आणि ऐकणारे अशा दोघांना धन्य म्हटलं आहे. एकट्याने, मनात, पहाटे वाचायचं, ही पुस्तकं स्वस्त छापायला लागल्यानंतरची सवय आहे. चांगली आहे, पण तीच एक रीत नाही.

मग करायचं काय? वर्षाची योजना सोडून द्या, अपराधी न वाटता. आईला समोर बसवा आणि मार्काचं शुभवर्तमान मोठ्याने वाचा. सोळा अध्याय, एका बैठकीत दीड-दोन तास. नाही जमलं तर चार संध्याकाळी. ती मध्ये मध्ये काही बोलेल ते ऐका. मग तिच्यासोबतच हबक्कूक, मग लेवीय १९. बायबलच्या जुन्या भाषेत अडत असाल तर सोप्या मराठीतली आवृत्ती जोडीला ठेवा, दोन्ही समोर असली की अर्थ उलगडतो. साध्या माणसाला कळेल असं मराठी बायबल असावं म्हणून पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावला अख्खं भाषांतर केलं आणि १९२२ मध्ये मरण्याआधी ते पुरं केलं. तेव्हा जुनी भाषा समजत नाही याची लाज वाटायचं कारण नाही. तुम्ही कॅथलिक असाल तर तुमच्याकडे ७३ पुस्तकं आहेत आणि रोजच्या मिस्साची वाचनं नेमलेली आहेत, तीच धरा.

आणि पेन्सिल ठेवा. नारायण वामन टिळकांना नागपूर–राजनांदगाव गाडीत एका अनोळखी गोऱ्या माणसाने नवा करार दिला. आपल्याच रुळांवरची गोष्ट. टिळकांनी तो चाळला नाही, हातात पेन्सिल घेऊन खुणा करत सुरुवातीपासून वाचला आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी आल्यावर त्यांचा पाय निघेना. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुम्हाला जिथे पटत नाही तिथे प्रश्नचिन्ह करा, जिथे राग येतो तिथे रेघ मारा. पुस्तक खराब होत नाही.

किती दिवसांत फरक पडेल हे मी सांगू शकत नाही. काट्याचे ते शेतकरी वीस वर्षं मंडळीत होते, त्या बुधवारच्या आधी शेकडो बुधवार गेले होते. पुढच्या वर्षी सोयाबीन होईल असंही मी सांगणार नाही, ते खोडमाशी आणि पाऊस ठरवतील.

ती चिठ्ठी आरशावरून काढली असेल तर फेकू नका. यिर्मयाच्या २९ व्या अध्यायात खूण म्हणून ठेवा आणि एखाद्या संध्याकाळी ते पत्र पहिल्या ओळीपासून आईला वाचून दाखवा. सत्तर वर्षांची ओळ आली की ती काय म्हणते ते मला कळवा. हरभरा पेरला का?